रेघांवरच्या टोप्या

३ मार्च

ताईंना नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालते, कारण तुम्ही काही कळवत नाही. फोन उचलत नाही, मेसेज बघता आणि गप्प बसता. म्हणून म्हटलं, सरळ पत्र लिहावं. हातात पाकीट आलं की न फोडता कुणाला राहवत नाही, तुम्हाला तर नाहीच नाही. पत्ता लेकीकडून घेतला. द्यायच्या आधी तिनं माझी उलटतपासणी घेतली, आत्याला नक्की काय लिहिणार आहेस म्हणून. वाढदिवसाला तुम्ही तिला कार्ड पाठवता, तेवढ्यावर ती तुमची वकील झाली आहे.

तुमच्या बंधुराजांचे गुडघे हल्ली बोलायला लागलेत. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहतात तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जिन्यात दोनदा थांबतात आणि वर आल्यावर मला सांगतात, शेजाऱ्यांच्या कुंड्या बघत होतो. लेक कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, भौतिकशास्त्र घेतलंय. मी काही विचारलं की "आई, ते समजावून सांगायला वेळ लागेल," असं म्हणून दार लावून घेते. हा सूर कुणाकडून आला ते मी बोलत नाही.

शाळेत मुलं ऐकतात ना तुमचं? तुम्ही फळ्यापाशी उभ्या असताना मागच्या बाकावर कुजबुजायची कुणाची छाती होत असेल असं वाटत नाही.

आता खरी खबर. गेल्या महिन्यात आमच्या सगळ्यात वरच्या साहेबांनी जगापुढे उभं राहून शब्द दिला. चिपवरच्या रेघा बारीक होत होत आता संपल्या, यापुढे कुणाला जमणार नाही, असं जो तो म्हणतोय ना, तर आपली कंपनी थांबणार नाही म्हणाले. दर पिढीला रेघ आणखी बारीक, निदान पुढची दहा वर्षं. कँटीनमध्ये पडद्यावर दाखवलं सगळ्यांना. माझ्या शेजारी बसलेली बाई म्हणाली, साहेबांना दहा वर्षांपुढचं दिसतं आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही. हसलो आम्ही. पण खरं सांगते ताई, मला बरं वाटलं. एकवीस वर्षं मी त्या पिवळ्या दिव्यांच्या खोलीत उभी आहे. इतकी वर्षं ज्यासाठी घालवली ते अजून संपलेलं नाही, असं कुणी मोठ्या आवाजात सांगितलं की बरं वाटतं माणसाला.

फक्त शब्द देणारे वर असतात आणि पाळणारे खाली. आणि खाली आमचं गाडं अडलंय लेपावर.

तुमचाच धडा तुम्हाला म्हणून दाखवते, शिकवलात तुम्हीच, तेव्हा उजळणी ऐकून घ्या. सिलिकॉनची चकती, म्हणजे वेफर. तिच्यावर रेझिस्टचा पातळ थर द्यायचा. सगळे रेझिस्ट म्हणतात, आपण दोघी लेप म्हणायचो. त्या लेपावर प्रकाशानं रेघा उमटवायच्या, मग धुवायचं, की रेघा उभ्या राहतात. एका केसाच्या रुंदीत हजारभर. आता नवं मशीन आलंय, त्याचा प्रकाश इतका बारीक की देवालासुद्धा हेवा वाटावा. पण आमचा लेप त्या प्रकाशाच्या लायकीचा नाही. रेघ उमटते, पण तिच्या कडा कुरतडल्यासारख्या. दीड वर्ष झालं, चार लेप झाले, चारही नापास.

आमचे नवे साहेब तुम्हाला आवडतील. वयानं लहान, पण हाताला येईल ते मोजतात. त्यांचं नाव मोजपट्टी पडलंय आणि त्यांना ते माहीत आहे. त्यांनी जुन्या फायली उपसल्या आणि त्यात त्यांना सापडला तुमचा लेप. कडा बघून म्हणाले, आठ वर्षांपूर्वी इतकी स्वच्छ कड कुणी काढली होती? सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण तेव्हाच्या माणसांपैकी त्या खोलीत आता मी एकटीच उरले आहे. मी सांगितलं, आमच्या ताईंनी. सांगताना आवाज जरा चढलाच माझा.

मग त्यांनी फाइलचं पुढचं पान वाचलं. रेघांना टोप्या आल्या, म्हणजे माथ्यावर न धुतलेला लेप तसाच राहिला, चाचणी रद्द.

दुसरा कुणी असता तर फाइल मिटली असती. यांनी गोदामातून तुमचे वेफर काढायला लावले. त्या चाचणीचे पंचवीसच्या पंचवीस वेफर डब्यात तसेच पडून होते, फेकायचे राहून गेले होते. तेव्हा घाईत फक्त तीन तपासले होते, तिन्ही मागचे, आठवतं ना? मोजपट्टींनी सगळे तपासले. पहिले नऊ चोख. एका रेघेवर टोपी नाही. दहाव्यापासून पुढे सगळ्यांना टोप्या. परवा सगळ्यांना जमवून म्हणाले, "लेप वाईट असता तर पहिल्यापासून वाईट असता. दहाव्या वेफरच्या वेळी त्या खोलीत काय झालं होतं?"

आठ वर्षांपूर्वीचं कुणाला आठवणार? मी तेच म्हणाले.

म्हणून विचारते, तुमच्या जुन्या वह्यांत काही आहे का बघा. त्या दिवशी वीज गेली होती का, हवेचा फिल्टर बदलला होता का, असं काही. सापडलं तर कळवा, घाई आहे. दोन आठवड्यांनी बैठक आहे. टोप्यांचं कारण सापडलं तर तुमच्या लेपाची नव्यानं चाचणी होईल, नाही सापडलं तर ती फाइल कायमची बंद.

आमच्या यांनी नमस्कार सांगितलाय. म्हणजे सांगितला नाही, पण मी लिहायला बसले तेव्हा तीनदा खोलीत येऊन गेले.

तुमची
टकळी


१५ मार्च

ताईंना नमस्कार.

तुमचं उत्तर आलं. आठ वर्षांत पहिलं, म्हणून पाकीट आधी नुसतंच हातात धरून बसले. आत चार ओळी. "वीज गेली नव्हती. फिल्टर नवा होता. हे तुला माहीत आहे, त्या शिफ्टला तू होतीस. मग मला का विचारतेस?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला वाटलं होतं वहीत काहीतरी निघेल, कसलंही, आणि माझी सुटका होईल. तुम्ही माझ्याच हातात आरसा दिलात. आता सांगते, आणि सरळ सांगते. मध्ये विनोद केला तर सोडून द्या, जित्याची खोड आहे.

त्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते. तुमच्या लेपाची पहिली पूर्ण चाचणी, आणि ती बघायला वरचे साहेब आणि बाहेरची माणसं. तुम्ही आठवडाभर नीट जेवला नव्हतात. मी लेपाच्या मशीनवर होते. मशीन सुरू, एकेक वेफर आत जातोय, आणि माझं लक्ष गेलं मशीनच्या काचेकडे. बोटांचे ओरखडे. आदल्या शिफ्टच्या कुणाचे तरी. आतमध्ये आपण अल्कोहोलच्या फडक्यानं पुसतो, त्यानं पुसलं तर आणखी पट्टे उठले. पिवळ्या दिव्यात ते पट्टे मला असे टोचत होते म्हणून सांगू. नेमक्या त्याच काचेतून पाहुणे बघणार होते.

माझ्याकडे घरचं काच पुसायचं निळं पाणी होतं. हो, आत. डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून, मोज्यात खोचून आणलं होतं. बाहेरची वस्तू आत न्यायची नाही हे भिंतीवर फूटभर अक्षरात लिहिलेलं होतं, पण मला वाटायचं असले नियम गबाळ्या लोकांसाठी असतात. जिच्या घरी आरशासारखी फरशी असते तिनं कशाला मनावर घ्यायचं? त्याआधीही एक-दोनदा मी तसं पुसलं होतं, दुसऱ्या मशीनवर, आणि काही झालं नव्हतं. पाहुणे आत यायच्या दारापाशी आल्याची सूचना आली आणि मी चार थेंब फडक्यावर घेऊन काच पुसली. कोपरे, कडा, दाराची फट, सगळं. लख्ख झाली. नऊ वेफर होऊन गेले होते आणि दहावा आत जात होता.

तुमचं मशीन चकचकीत दिसावं एवढंच होतं माझ्या मनात. हे कारण म्हणून लिहीत नाही. फक्त खरं आहे म्हणून लिहिते.

त्या पाण्यात अमोनिया असतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तीन आठवड्यांनी कळलं, आणि तेही तुमच्याच तोंडून. आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही कपावर कप चहा पीत होतात आणि स्वतःशीच बोलत होतात. प्रकाश पडला की लेपात कणभर आम्ल तयार होतं, तेच लेप मऊ करतं, मऊ झालेला धुऊन जातो आणि रेघ उरते. हवेत अमोनियाचा वास जरी असला तरी तो वरच्या वर त्या आम्लाला मारून टाकतो. मग वरचा थर मऊ होत नाही, धुतला जात नाही, आणि रेघेच्या डोक्यावर टोपी राहते. "पण अमोनिया येणार कुठून?" तुम्ही म्हणालात. मी ओट्यापाशी उभी होते. ती निळी बाटली माझ्या कोपरापासून हातभर अंतरावर होती. आणि मी तुम्हाला विचारलं, आणखी चहा टाकू का?

दुसऱ्याच दिवशी तुम्ही आमच्या शिफ्टच्या सात जणांना कपडे बदलायच्या खोलीत उभं केलंत. सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात, नुसते डोळे दिसतायत. एकेकापाशी जाऊन विचारलंत, आत बाहेरचं काही आणलं होतं का, मी रागावणार नाही, मला फक्त कळायला हवं. सहा जण नाही म्हणाले. मी सातवी. तुम्ही माझ्यापाशी आलात, हसलात, माझ्या खांद्यावर हात ठेवलात आणि पुढे निघून गेलात. घरच्या माणसाला काय विचारायचं, असं.

मला खोटं बोलावंसुद्धा लागलं नाही, ताई. मी, टकळी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं, ती मूग गिळून उभी राहिले. मला वाटलं, नोकरी जाईल. तीही तुम्हीच मिळवून दिलेली, म्हणजे तुमची मान पुन्हा खाली. मग वाटलं, उद्या सांगू. मग तुमच्या साहेबांनी भरल्या बैठकीत ते वाक्य टाकलं, बाईंनी कंपनीला टोपी घातली, आणि सगळे खो खो हसले. रेघांना टोप्या आणि कंपनीलाही टोपी, विनोद आयताच तयार होता. महिनाभर तो कँटीनमध्ये फिरला. त्यानंतर सांगणं म्हणजे त्या हसण्याच्या मधोमध जाऊन उभं राहणं होतं. माझी हिंमत झाली नाही.

आणि तो शेवटचा रविवार. आपण जेवायला बसलो होतो, आणि तुमच्या भावानं, काही कळत नसताना, नुसतं चिडवायचं म्हणून तोंड उघडलं: काय ताई, कंपनीला टोपी घातलीस म्हणे. तुम्ही ताट सरकवलंत आणि उठलात. पंधरा दिवसांत राजीनामा, सामान, दुसरं गाव, शाळेची नोकरी. आणि मी काय केलं माहीत आहे? यांच्यावर डाफरले. तुमच्या जिभेला हाड नाही म्हणाले, तुमच्यामुळे बहीण तुटली म्हणाले. आठ वर्षं या घरात हेच चाललंय. ते बिचारे खरं मानून बसलेत. तुमच्या नावानं कधी फोन लावायला गेले तर नंबर काढतात आणि परत खिशात ठेवतात.

हे सगळं मी उद्या सकाळी मोजपट्टींना सांगणार आहे. सोमवारच्या बैठकीच्या आत. पुढे माझं काय होईल ते माहीत नाही. एकवीस वर्षं झाली म्हणून कुणी आरती ओवाळणार नाही. पण तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये, म्हणून आधी इथे लिहिलं. आधी म्हणायलाही लाज वाटते, आठ वर्षांनंतर.

तुमचा लेप चांगला होता, ताई. पहिल्यापासून चांगला होता. चूक तुमची नव्हती, माझी होती, आणि तुम्ही मला न विचारता पुढे गेलात तेव्हा मला सांगायला हवं होतं.

तुमच्या भरवशाला न जागलेली
वहिनी


२ मे

ताईंना नमस्कार.

तुमचं उत्तर नाही, आणि ते मी मागितलंही नव्हतं. ही खबर मात्र तुमची आहे, म्हणून तुमच्यापर्यंत पोचवणं माझं काम.

मोजपट्टींना सांगितलं. त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून, घडाघडा, मध्ये श्वाससुद्धा न घेता. मला वाटलं ओरडतील. त्यांनी वही काढली आणि विचारलं, किती थेंब? मी म्हटलं, चार. कुठल्या हातानं? उजव्या. काच पुसल्यावर फडकं कुठे टाकलंत? अर्धा तास नुसते प्रश्न. शेवटी म्हणाले, आठ वर्षं ही कंपनी एका चुकीच्या कारणावर विश्वास ठेवून दुसऱ्या रस्त्यानं चालली, आणि तो रस्ता आता संपलाय. ते रागानं बोलले नाहीत. मला राग बरा वाटला असता.

बैठकीत तुमच्या जुन्या साहेबांचा एक पट्टशिष्य होता, तो म्हणाला, बाईमाणसाच्या भावनेवर चाचणी करायची का, पुरावा काय? तर मोजपट्टी म्हणाले, पुरावा करू. आणि मग अशी गंमत झाली की जन्मात पहिल्यांदा मला कंपनीनं बोलावलं ते माझा गुन्हा पुन्हा करून दाखवायला. वेगळ्या खोलीत, जुन्या मशीनवर, तुमचा लेप तुमच्याच कृतीनं बनवलेला. नऊ वेफर झाले. दहाव्याला मी चार थेंब घेऊन काच पुसली. आजूबाजूला आठ इंजिनिअर टिपणं काढत उभे. माझे हात थरथरत होते, तर एक जण म्हणतो कसा, काकू, तेव्हाही थरथरत होते का, नसतील तर फरक म्हणून नोंद करतो.

पहिले नऊ चोख. दहाव्यापासून टोप्या. पडद्यावर ती चित्रं आली तेव्हा सगळे खूश झाले आणि मी रडले. दोन्ही बरोबरच होतं.

मग खरी चाचणी. नवं मशीन, तुमचा लेप, बाहेरचं काहीही नाही. माणसंसुद्धा मोजकीच आत सोडली. निकालाच्या दिवशी मी बाहेर कँटीनमध्ये बसले होते. मला पिवळ्या खोलीत तीन महिने बंदी आहे, ती शिक्षा. मोजपट्टी स्वतः खाली आले, जे कधी येत नाहीत, आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. पंचवीसच्या पंचवीस वेफर. एका रेघेवर टोपी नाही. कडा सरळ. रेघ आजच्या रेघेच्या पाऊण जाडीची. "हे तुमच्या ताईंचं आहे," ते म्हणाले, "आणि आम्ही दीड वर्ष भिंतीवर डोकं आपटत होतो."

अहवालात सगळं लिहिलंय. त्यांनी आधी नुसतं ऑपरेटरची चूक एवढंच लिहिलं होतं. मी म्हटलं, तेवढं नाही, ऑपरेटरला कारण कळलं होतं आणि तरी ती गप्प बसली, हेही घाला. ते म्हणाले, कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेताय? मी म्हटलं, चुकीला चार थेंब पुरले, गप्प बसायला आठ वर्षं लागली, मोठी चूक कुठली ते तुम्हीच मोजा. त्यांनी घातलं ते वाक्य. आणि पहिल्या पानावर तुमचं नाव आहे, लेप कुणी बनवला म्हणून. मी बोट लावून बघितलं.

नोकरी राहिली. शिक्षेचा दुसरा भाग असा की दर सोमवारी नव्यानं भरती झालेल्यांना पहिल्या तासाला मी माझी गोष्ट सांगायची. पहिल्यांदा जीभ उचलेना. आता सवय झाली. गेल्या सोमवारी गोष्ट संपली आणि मागच्या रांगेतली एक मुलगी उठली, खिशातून हाताला लावायची क्रीम काढून टेबलावर ठेवली आणि परत जाऊन बसली. मग आणखी दोघं उठले. मोजपट्टी म्हणाले, तुमच्या एका तासानं भिंतीवरच्या सगळ्या पाट्यांपेक्षा जास्त काम केलं.

घरीही सांगितलं. यांना. ऐकून घेतलं, मग म्हणाले, म्हणजे माझी जीभ इतकी वाईट नव्हती तर. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांच्या अबोल्याला मी पहिल्यांदाच काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, टोपी कुणीही घातलेली असो, हसलो मी होतो, ते मी तिला सांगणार. आज सकाळी तुमचा नंबर काढून बसलेत. या वेळी फोन खिशात परत गेलेला नाही, टेबलावर आहे. वाजला तर उचला, एवढंच मागते, आणि तेही त्यांच्यासाठी.

काल मोजपट्टींनी सांगितलं की तुम्ही कंपनीला कळवलंत. शाळेच्या सुट्टीत सहा आठवडे येणार, कंपनीच्या पाहुण्यांच्या खोलीत राहणार, घरी उतरणार नाही. ऐकून मला काय वाटलं ते लिहीत नाही. बरोबर केलंत. माझ्या हातचं जेवायला तुम्ही बसावं इतकं अजून काही झालेलं नाही. लेकीला मात्र भेटा. ती तुमच्यासाठी प्रश्नांची यादी करतेय, आणि त्यात माझ्याबद्दल एकही नाही म्हणाली, म्हणजे नक्की असणार.

एक गोष्ट तुम्हाला इथे यायच्या आधी माहीत असायला हवी. मोजपट्टी म्हणतात, हा लेप या पिढीला पुरेल, ओढूनताणून पुढच्या पिढीलाही. त्यापुढे नाही. वरच्या साहेबांनी दिलेला शब्द दहा वर्षांचा आहे, आणि तो पाळायचा तर याच्याहून चांगला लेप लागणार. तो कुणाला सुचेल असं मला विचारलं तर मी नुसती हसले. त्यांना कळलं.

आठ वर्षं मी तुमची चोरली, ताई. ती परत करता येत नाहीत, आणि तुम्ही मोठ्या मनाच्या आहात म्हणून मला त्यातून सुटायचं नाही. तेव्हा या, तुमच्या खोलीत उभ्या राहा, आणि मला इतक्यात माफ करू नका. आधी ती रेघ बारीक करा.

काही न लपवता, पहिल्यांदाच,
तुमची वहिनी